शैक्षणिक समुपदेशकाचा व्यवसाय : नोकरीच्या संधी आणि त्यांच्या मर्यादा

विद्यार्थ्याला विषय शिकविणे हे शिक्षकाचे कार्य होय, याविषयी दुमत नाही. परंतु त्या विद्यार्थ्याने पुढे काय शिकावे, कोठे शिकावे, बुद्धी असूनही त्याचे मन अभ्यासात का रमत नाही, घरच्या अडचणीतून त्याने वाट कशी काढावी, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास त्याला साहाय्य करणे हेही शिक्षणाचेच एक अंग आहे. हे अंग दीर्घकाळ शिक्षकाच्या अनुभवावर व सद्भावनेवर सोपविलेले होते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मात्र त्यासाठी स्वतंत्र शिक्षण घेतलेली माणसे नेमण्याची पद्धत निरनिराळ्या देशांत रूढ होत गेली. अशा व्यक्तीस मराठीत समुपदेशक असे म्हणतात.

अलीकडे ग्रामीण भागातील कित्येक शिक्षक, तसेच शिक्षकांची पदवीधर मुले-मुली, या व्यवसायाविषयी चौकशी करू लागली आहेत. त्याचबरोबर अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमाने समुपदेशक होता येते, असे आश्वासन देणाऱ्या जाहिराती वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून त्यांच्यापर्यंत पोहोचत आहेत. काटकसरीने साठविलेला पैसा आणि नोकरी सांभाळून काढलेला वेळ अशा अभ्यासक्रमात घालण्यापूर्वी या क्षेत्रात पदे कोठे आहेत, ती कोणत्या स्वरूपाची आहेत आणि त्यांना कोणती अर्हता लागते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

एक शब्द, चार निरनिराळी कामे

‘शैक्षणिक समुपदेशक’ हा शब्द आज किमान चार भिन्न अर्थांनी वापरला जातो. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळांची फसगत होते.

पहिला अर्थ शाळेतील समुपदेशकाचा. विद्यार्थ्याच्या अभ्यासातील, वर्तनातील व भावनिक अडचणी समजून घेणे, कल व क्षमता ओळखण्याच्या चाचण्या घेणे, विषयांची आणि व्यवसायाची निवड करताना माहिती पुरविणे, पालक व शिक्षक यांच्याशी बोलणे आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविणे, ही त्याची कामे होत.

दुसरा अर्थ महाविद्यालयांतील व विद्यापीठांतील विद्यार्थी-समुपदेशकाचा. घर सोडून वसतिगृहात आलेल्या, परीक्षेच्या दडपणाखाली असलेल्या किंवा नोकरीच्या चिंतेत असलेल्या तरुणांशी त्याला काम करावयाचे असते. त्याचे काम पुष्कळसे मानसशास्त्रीय स्वरूपाचे असते.

तिसरा अर्थ मुक्त विद्यापीठांच्या पद्धतीतील आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. घरी राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासकेंद्रांवर सत्रे घेणाऱ्या व त्यांच्या शंकांचे निरसन करणाऱ्या अध्यापकांना या पद्धतीत ‘शैक्षणिक समुपदेशक’ म्हटले जाते. नाशिकच्या विद्यापीठाने त्यासाठी ‘संमंत्रक’ हा शब्द रूढ केला. हे काम मूलतः अध्यापनाचे असून ते अंशकालीन असते आणि त्याचा मोबदला मानधनाच्या रूपाने मिळतो. ती कायम नोकरी नव्हे.

चौथा अर्थ सर्वांत अधिक सावधगिरीने पाहावयास हवा. खाजगी शिकवण्या, ऑनलाइन वर्ग चालविणाऱ्या कंपन्या आणि परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या संस्था यांच्या जाहिरातींत ‘अ‍ॅकॅडेमिक कौन्सेलर’ हे पद वारंवार आढळते. तेथील प्रत्यक्ष काम बहुधा दूरध्वनीवरून पालकांना अभ्यासक्रम घेण्यास प्रवृत्त करण्याचे, म्हणजे विक्रीचे असते. ठराविक मुदतीत ठराविक प्रवेश मिळवून देण्याची अट त्यात असते. विक्रीचा व्यवसाय कमी प्रतीचा आहे असे नव्हे. परंतु विद्यार्थ्याचे हित पाहून सल्ला देणे आणि संस्थेचे प्रवेश वाढविणे ही दोन कामे एकाच माणसाने एकाच वेळी प्रामाणिकपणे करणे कठीण असते. अशा जाहिरातीला उत्तर देणाऱ्याने आपण कोणत्या कामासाठी जात आहोत, हे प्रथम विचारून घ्यावे.

या व्यवसायाची वाटचाल

अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी उघडली. कामाच्या शोधात आलेल्या तरुणांना आधी स्वतःची क्षमता व आवड ओळखावयास लावावी, मग निरनिराळ्या व्यवसायांची यथार्थ माहिती द्यावी आणि या दोहोंचा मेळ घालून निर्णय त्यांचा त्यांनाच घेऊ द्यावा, ही त्यांची पद्धत होती. पार्सन्स त्याच वर्षी निधन पावले व त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि त्यांनी घालून दिलेली ही तीन पायऱ्यांची रीत आजही या शास्त्राचा पाया समजली जाते.

भारतात कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने १९३८ मध्ये या कार्यास प्रारंभ केला. १९४७ मध्ये अलाहाबाद येथे संयुक्त प्रांत सरकारची मनोविज्ञानशाळा आणि मुंबईत पारशी पंचायतीचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. मुंबई राज्य सरकारने १९५० मध्ये असेच केंद्र उघडले व १९५७ मध्ये त्याचे रूपांतर व्यवसाय मार्गदर्शन संस्थेत झाले. यावरून असे दिसून येते की, मराठी प्रदेशाला हा विषय नवा नाही.

मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांसाठी मार्गदर्शन अधिकारी व व्यवसायशिक्षक तयार करण्याची शिफारस केली आणि १९५४ मध्ये दिल्लीत शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाची केंद्रीय कचेरी स्थापन झाली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) या विषयाचा विचार अधिक व्यापक दृष्टीने केला. कोल्हापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शिक्षणाचे प्रयोग केलेले जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. मार्गदर्शनाचा प्रारंभ प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या वर्गापासून व्हावा, प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षणकाळातच त्याची ओळख करून द्यावी आणि माध्यमिक स्तरावर दहा शाळांच्या गटासाठी एक फिरता समुपदेशक असावा व सोप्या कामात शिक्षकांनी त्याला साहाय्य करावे, असे आयोगाने सुचविले. प्रत्येक शाळेस स्वतंत्र समुपदेशक देणे देशाच्या आर्थिक स्थितीस झेपणारे नाही, हे ओळखून केलेली ही व्यवहार्य सूचना होती. ती सर्वत्र अमलात आली असती, तर आज समुपदेशकांची फार मोठी संख्या ग्रामीण भागातच काम करीत असती.

सूचना झाल्या, समित्या झाल्या, परंतु पदे सावकाश निर्माण झाली आणि जी झाली ती मुख्यतः शहरांत झाली, असा या इतिहासाचा सारांश आहे. ज्या मुलाच्या घरी पुस्तके आहेत, शिकलेले आईवडील आहेत, त्याच्या शाळेत समुपदेशक आहे; आणि ज्याला सल्ला देणारे घरात कोणी नाही, त्याच्या शाळेत तो नाही.

आज पदे कोठे आहेत?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांच्या बाबतीत वस्तुस्थिती प्रथम स्पष्ट केली पाहिजे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. समुपदेशकाच्या पदाचा तीत उल्लेख नाही. त्यामुळे केवळ अभ्यासक्रम पूर्ण केल्याने प्राथमिक शाळेतच समुपदेशक म्हणून नेमणूक मिळेल, अशी अपेक्षा कोणी बाळगू नये.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असलेल्या शाळांची स्थिती निराळी आहे. मंडळाच्या २०१८ च्या संलग्नता उपविधींनी माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना समुपदेशनाचे काम पाहणारा शिक्षक नेमणे आवश्यक ठरविले. अशा शाळा आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या असल्याने खाजगी क्षेत्रातील संधींचा मोठा भाग येथे आहे. मात्र वेतन व सेवेची शाश्वती संस्थेगणिक बदलते आणि समुपदेशकाकडे इतर तासिकाही सोपविल्या जातात, हे ध्यानात ठेवावे. पात्रतेचे व विद्यार्थिसंख्येचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने उपविधींची अद्ययावत प्रत पाहणेच इष्ट.

केंद्रीय विद्यालयांत समुपदेशक घेतले जातात, पण ते बहुधा वर्षापुरत्या करारावर, थेट मुलाखतीने. या नेमणुकांसाठी मानसशास्त्रातील पदवी व समुपदेशनातील पदविका किंवा प्रमाणपत्र अशा प्रकारची अर्हता मागितली जाते. नवोदय विद्यालयांतही करारावर समुपदेशक नेमण्याची पद्धत आहे. आदिवासी भागांतील एकलव्य आदर्श निवासी शाळांच्या पदरचनेत समुपदेशकाचे पद धरलेले आहे. तथापि पद मंजूर असणे आणि ते भरले जाणे या दोन भिन्न गोष्टी असल्यामुळे प्रत्यक्ष जाहिरात निघेपर्यंत त्यावर विसंबून राहू नये. दिल्लीच्या शासकीय शाळांत मात्र शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शन समुपदेशक असे नियमित पद असून त्याची भरती तेथील निवड मंडळामार्फत होते. इच्छा असल्यास राज्य हे पद कायमस्वरूपी निर्माण करू शकते, याचा तो पुरावा होय.

शिक्षण खात्याबाहेरही या कामास वाव आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी समुपदेशनाची सोय करण्यात आली. महाराष्ट्रात ही केंद्रे ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. तेथील नेमणुका कंत्राटी असल्या, तरी हे काम जिल्ह्यातल्या जिल्ह्यात करता येण्याजोगे आहे.

महाविद्यालये व विद्यापीठे यांच्याकडे वळल्यास असे दिसते की, आयआयटीसारख्या मोठ्या केंद्रीय संस्थांत प्रशिक्षित समुपदेशकांचे स्वतंत्र विभाग आहेत. अनुदानित महाविद्यालयांत मात्र असे स्वतंत्र पद क्वचितच आढळते. एखाद्या प्राध्यापकाकडेच मार्गदर्शन कक्षाचा अधिभार दिलेला असतो. मूल्यांकनाच्या वेळी विद्यार्थ्यांना दिलेल्या मार्गदर्शनाचा हिशेब द्यावा लागत असल्याने संस्थांचे या विषयाकडे लक्ष वेधले आहे. परंतु कक्ष कागदावर असणे आणि त्यात बसणारा जाणकार माणूस असणे, यांत अंतर आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे आदेश

या परिस्थितीत २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाचे महत्त्व विशेष आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न विचारात घेऊन न्यायालयाने पंधरा मार्गदर्शक आदेश दिले आणि योग्य कायदा वा नियम होईपर्यंत ते सर्व शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, शिकवणी वर्ग व वसतिगृहे यांस लागू राहतील, असे ठरविले. त्यांपैकी एका आदेशानुसार शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने बालकांच्या व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा अथवा त्याची सेवा घ्यावी. ज्या संस्थांत विद्यार्थी शंभराहून कमी आहेत, त्यांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून गरजू विद्यार्थ्यास त्यांच्याकडे पाठविण्याची व्यवस्था करावी. तसेच सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांना वर्षातून किमान दोनदा या विषयाचे प्रशिक्षण द्यावे, असेही आदेशात म्हटले आहे.

ग्रामीण शिक्षकाच्या दृष्टीने या आदेशाचा अर्थ दुहेरी आहे. मोठ्या शाळांच्या बाबतीत पदांची मागणी वाढण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळांचा पट मात्र शंभराच्या आत असतो. त्यांच्या वाट्याला पद नव्हे, तर जवळच्या तज्ज्ञाशी संबंध जोडण्याची जबाबदारी आली आहे. ती पार पाडण्याचे काम अर्थातच शिक्षकावर येते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळासंकुलांनी समुपदेशक व समाजकार्यकर्ते यांची सेवा एकत्रितपणे घ्यावी, अशी कल्पना मांडलेली आहे. महाराष्ट्रात केंद्रशाळेची रचना पूर्वीपासून अस्तित्वात आहे. आसपासच्या शाळांचा एक गट व त्यावर एक केंद्रप्रमुख, ही रचना कोठारी आयोगाने सुचविलेल्या फिरत्या समुपदेशकासाठी जणू तयारच आहे. प्रत्येक केंद्रास अथवा दोन केंद्रांस मिळून एक समुपदेशक देण्याचा विचार पुढे आला, तर ग्रामीण भागात या व्यवसायाचे खरे क्षेत्र निर्माण होईल. आज तशी पदे नाहीत. परंतु मागणी मुद्देसूदपणे करावयाची झाल्यास तिला आधार कोठे आहे, हे शिक्षकांना ठाऊक असावे.

अर्हता कशी मिळवावी?

शाळेतील समुपदेशकाच्या पदासाठी सामान्यतः मानसशास्त्र, समुपदेशन मानसशास्त्र, बालविकास किंवा समाजकार्य यांतील पदवी अथवा पदव्युत्तर पदवी आणि त्याबरोबर मार्गदर्शन व समुपदेशन या विषयातील पदविका मागितली जाते. विद्यापीठांत पदव्युत्तर पदवीची अपेक्षा असते. रुग्णांवर मानसशास्त्रीय उपचार करणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असणे आवश्यक आहे. समुपदेशनाची पदविका घेतलेल्या व्यक्तीने स्वतःस तसे म्हणवून घेणे योग्य नाही.

सेवेतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा मार्गदर्शन व समुपदेशनातील पदविका अभ्यासक्रम विशेष उपयुक्त आहे. तो एक वर्षाचा असून त्यातील सहा महिने दूरशिक्षणाने, तीन महिने प्रत्यक्ष केंद्रावर आणि तीन महिने स्वतःच्या कार्यक्षेत्रात अनुभव घेऊन पूर्ण करावे लागतात. महाराष्ट्र व गोवा ज्या विभागात येतात, त्यासाठीची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळ येथे आहे. तीन महिने बाहेरगावी राहावे लागत असल्याने रजेचा व प्रतिनियुक्तीचा प्रश्न आधी सोडवून मगच अर्ज करावा.

दूरशिक्षणाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. नोकरी सांभाळून मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविण्याचा मार्ग म्हणून आजवर अनेक शिक्षकांनी पत्रद्वारा अथवा ऑनलाइन शिक्षणाचा अवलंब केला. परंतु २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याच्या अनुषंगाने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्रासह काही विषयांचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली. ही मनाई जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासूनच्या नव्या प्रवेशांना लागू झाली. म्हणून अशा पद्धतीने मानसशास्त्राची पदवी देऊ करणाऱ्या कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमास त्या सत्रासाठी आयोगाची मान्यता आहे काय, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. संस्थेच्या प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर भिस्त ठेवू नये.

प्रवेश घेण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारणे हितावह ठरते. अभ्यासक्रम देणारी संस्था विद्यापीठ आहे, की केवळ नोंदणीकृत न्यास वा कंपनी? अभ्यासक्रमात अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष समुपदेशनाचे तास आहेत काय? यापूर्वी ज्या पदांच्या जाहिराती निघाल्या, त्यांत मागितलेल्या अर्हतेशी हे प्रमाणपत्र जुळते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर तो अभ्यासक्रम ज्ञान म्हणून घ्यावयास हरकत नाही. नोकरीचे साधन म्हणून घेऊ नये.

आणखी एक सूचना सेवेतील शिक्षकांसाठी. अभ्यासकेंद्रावर संमंत्रक म्हणून मानधनावर काम करणे किंवा सुटीच्या दिवशी खाजगी समुपदेशन करणे, यासाठी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेणे सेवानियमांच्या दृष्टीने आवश्यक असते. महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ यांतील तरतुदी पाहून आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत रीतसर अर्ज करूनच असे काम स्वीकारावे.

पद नसले तरी काम आहे

समुपदेशकाचे पद खेड्यात येईल तेव्हा येवो. समुपदेशनाची गरज मात्र आजच तेथे आहे. सातवीपर्यंतच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलीची पुढची शाळा सात-आठ किलोमीटरवर असते. वडील म्हणतात, ‘आता पुरे’. त्या घरात जाऊन एस.टी.च्या मोफत प्रवासाच्या अहिल्याबाई होळकर योजनेची किंवा जवळच्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाची माहिती देणारा शिक्षक जे करतो, तेच शैक्षणिक मार्गदर्शन होय. आठवीतील होतकरू मुलाला आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेस बसविल्यास व तो निवडला गेल्यास त्याला नववीपासून बारावीपर्यंत दरसाल बारा हजार रुपये मिळतात. पाचवीत असतानाच नवोदयच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरावा लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील बहुतेक व्यवसायांस दहावी उत्तीर्ण असणे लागते, तर काहींस आठवी पुरते. ही माहिती योग्य वेळी न मिळाल्यामुळे वर्षे वाया गेलेली मुले प्रत्येक तालुक्यात आहेत.

महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेण्यात आली. त्या प्रयत्नातून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चाचणीचा निकाल हा शेवट नसून संभाषणाचा आरंभ आहे. निकालपत्रिका हाती आल्यावर तिचा अर्थ समजावून सांगणारे माणूस गावात असेल, तरच तिचा उपयोग होतो. पार्सन्स यांची तीन पायऱ्यांची रीत कोणत्याही चाचणीवाचून शिक्षकाला वापरता येते. मुलाला काय जमते व काय आवडते याची नोंद वर्षभर ठेवावी, उपलब्ध मार्गांची खरी माहिती जमवावी आणि निर्णय मुलाने व पालकांनी घ्यावा. शिक्षकाने स्वतःची आवड त्यांच्यावर लादू नये.

या कामाच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय होऊ नये. गुप्तता हा समुपदेशनाचा पहिला नियम आहे. मात्र बालकाच्या लैंगिक छळाची माहिती मिळाल्यास २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यान्वये ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे गुप्ततेची सबब चालत नाही. बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. एखादे मूल एकाएकी अबोल झाले, खाणे-झोपणे बिघडले, जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, तर ते नाटक आहे असे समजू नये. त्याला एकटे सोडू नये, पालकांना विश्वासात घ्यावे आणि विनाविलंब शासकीय रुग्णालयात तज्ज्ञांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

उपसंहार

समुपदेशकाचा व्यवसाय भारतात वाढत आहे, हे खरे. शहरांतील खाजगी शाळांत, निवासी विद्यालयांत आणि मोठ्या उच्च शिक्षणसंस्थांत त्याला स्थान मिळाले आहे. न्यायालयाच्या आदेशाने त्यास बळही मिळाले आहे. पण पदांचा मोठा भाग करारावरचा आहे आणि ग्रामीण प्राथमिक शाळेत तो अद्याप पोहोचलेला नाही, हेही तितकेच खरे. ज्या तरुणास या व्यवसायात प्रवेश करावयाचा आहे, त्याने मान्यताप्राप्त विद्यापीठात नियमित शिक्षण घ्यावे आणि आरंभीची काही वर्षे करारावर काम करण्याची तयारी ठेवावी. ज्या शिक्षकाला सेवेत राहूनच हे ज्ञान मिळवावयाचे आहे, त्याने परिषदेच्या पदविकेचा विचार करावा. त्यामुळे पद मिळेलच असे नाही, परंतु त्याच्या वर्गातील मुलांस त्याचा लाभ निश्चित होईल. आणि ज्यांना यांपैकी काहीच शक्य नाही, त्यांनी निदान केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकत्र बसून आपल्या परिसरातील शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, पुढील शाळा, प्रशिक्षण संस्था व तज्ज्ञ यांची एक यादी तयार करावी व दरवर्षी जून महिन्यात ती सुधारावी. केंद्रातील प्रत्येक शाळेत अशी एक वही असेल, तर समुपदेशकाचे पद येण्यापूर्वीच त्याच्या कामाचा निम्मा भार शिक्षकांनी उचललेला असेल. आणि पुढे ते पद आले, तर त्यावर पहिला न्याय्य हक्क सांगण्यास हेच शिक्षक पात्र ठरतील.